ताई, तुझ्यासाठी काय आंबवू?

पत्र :

"मी नाशिकला इंदिरानगरात राहते. वय ४३, बँकेत नोकरी. धाकटा भाऊ नऊ वर्षांपासून इंग्लंडमध्ये, लीड्सला असतो. लॉकडाऊनमध्ये त्याला घरी बिअर बनवायचा नाद लागला आणि आता तो त्यात चांगलाच मुरलाय. जूनमध्ये मी दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे जातेय. आई गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच एवढे दिवस एकत्र राहू. दर रविवारी फोनवर त्याचा एकच प्रश्न असतो : 'ताई, तुझ्यासाठी कुठली बिअर बनवू? तू ये, बाटल्या तयार ठेवतो.' पण मला बिअर आवडत नाही. आयुष्यात तीनदा चाखली आणि तिन्ही वेळा दुसरा घोट घेतला नाही. कडू लागते, तो कडूपणा घशात बसून राहतो आणि वास तर त्याहून नकोसा. पाहुण्यांना घेऊन वायनरीत गेलो की शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनचा एखादा ग्लास मात्र मी आवडीने घेते. भावाला नाही म्हटलं तर त्याचं मन मोडेल. हो म्हटलं तर तोंड वाकडं न करता प्यावी लागेल. आमच्या ह्यांचं म्हणणं, सगळं सामान ऑनलाइन मिळतं, आधी इथेच घरी थोडी करून बघू, म्हणजे तुला काय आवडतं ते कळेल. मी त्याला काय सांगू?"

उत्तर :

ताई, आधी तुमच्या यजमानांच्या सूचनेचं बघू, कारण ती बाजूला ठेवली की बाकीचं मोकळेपणाने बोलता येईल. इथे घरी करू नका. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. स्वतःपुरतं केलं, एकच बरणी केली, विकलं नाही, म्हणून तो टळत नाही. द्राक्षं घरच्या मळ्यातली असली तरी त्यांची वाईन घरी करता येत नाही, हे नाशिककरांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. सामान ऑनलाइन मिळतं म्हणजे करायला परवानगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या भावाचा मुलूख वेगळा आहे. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला पूर्वी परवाना लागायचा, तो १९६३ मध्ये रद्द झाला. आता स्वतःसाठी, घरच्यांसाठी, मित्रांसाठी कितीही करा, फक्त विकायची नाही. तेव्हा जे काही आंबवायचं ते लीड्सलाच. नाशिकमध्ये करण्यासारखं काम दुसरं आहे, ते पुढे सांगते.

तुमचं 'आवडत नाही' मला पूर्ण मान्य आहे. कडू लागतं म्हणजे कडूच लागतं, तिथे नखऱ्याचा प्रश्न येत नाही. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही असतात आणि त्यांची धार प्रत्येकाची जन्मतःच वेगळी असते. 'सवय झाली की आवडेल' असं कुणी म्हटलं तर सोडून द्या. त्रेचाळिसाव्या वर्षी नावडतीची सवय कशासाठी लावून घ्यायची?

पण एका गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधावंसं वाटतं. मी बारा वर्षं इथल्या वायनऱ्यांमध्ये टेस्टिंगच्या टेबलामागे उभी राहून लोकांना ग्लास भरून दिलेत. रोज दोन-तीन माणसं तरी यायची, बहुतेक बायकोच्या किंवा मित्रांच्या आग्रहाने आलेली. टेबलाशी येताच म्हणायची, 'मला वाईन आवडत नाही.' मी विचारायची, आधी कुठली प्यायला होता? उत्तर ठरलेलं असायचं : कुठल्या तरी लग्नात लाल, तुरट, खोलीच्या उकाड्यात ठेवलेली. मग मी गार शेनिन ब्लाँ द्यायची, तुम्हाला आवडते तीच, आणि तो माणूस ग्लासाकडे बघत राहायचा. त्याची आवड बदललेली नसायची. त्याला तुरटपणा नको होता आणि त्यालाच तो वाईन म्हणत होता, एवढंच.

बिअरच्या बाबतीत तुमचंही तसंच झालेलं असू शकतं. तीन घोट कुठले होते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे समारंभात हातात येते ती जवळजवळ नेहमी लागर, म्हणजे गार ठिकाणी सावकाश आंबवलेली फिकट पिवळी बिअर असते आणि त्यातही बऱ्याचदा स्ट्राँग, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर आणि आठपर्यंत अल्कोहोल असलेली. बिअरच्या शंभराच्या आसपास शैली आहेत, त्यातली ही एक.

वासाचंही तसंच. माझी स्वतःची पहिली बिअर त्र्यंबक रोडवरच्या एका शेतात होती. मे महिना, हिरव्या बाटल्या, बादलीतला बर्फ केव्हाच वितळलेला आणि बादली दुपारभर उन्हात. झाकण उघडल्यावर जो वास आला त्याने मी पुढची चार वर्षं बिअरला हात लावला नाही. खूप नंतर कारण कळलं. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं बिअरमध्ये उकळतात, तिचा कडूपणा त्यांच्यातून येतो. त्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं, आणि त्याचा वास अगदी कणभर असला तरी नाकात शिरतो. थेट उन्हात हे काही मिनिटांत घडतं. तपकिरी काच तो प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पांढरी काच अडवत नाही. म्हणजे मला ज्याचा तिटकारा बसला होता ती बिघडलेली बिअर होती. तुमच्या तीन घोटांपैकी एखादा तसाच असावा, असं मला तुमच्या 'वास तर त्याहून नकोसा' या वाक्यावरून वाटतं.

म्हणून भावाला शैलीचं नाव सांगायची घाई करू नका. तुम्हाला नेमकं काय नको आहे ते आधी शोधू, आणि त्यासाठी बिअर लागतच नाही. एखाद्या रविवारी सकाळी, तोंडात मिसळीचा तिखटपणा नसताना, स्वयंपाकघरात बसा. कागद-पेन घ्या आणि यजमानांनाही शेजारी बसवा, म्हणजे त्यांचा प्रयोगाचा उत्साह कारणी लागेल.

पहिलं, साधा गार सोडा. काही न घालता दोन घोट. जीभ चुरचुरली, नकोसं वाटलं, तर तुमची तक्रार थोडी गॅसशी आहे. दुसरं, टॉनिक वॉटर, सुपरमार्केटात मिळतं. त्यात क्विनाइनचा कडूपणा असतो आणि सोबत साखर आणि गॅस. सोडा चालला पण टॉनिक नको झालं, तर गुन्हेगार कडूपणाच. तिसरी, बिनदुधाची आणि बिनसाखरेची कॉफी. आता ही आणि टॉनिक यांची तुलना करा, कारण कडूपणा एकाच जातीचा नसतो. कॉफीचा कडूपणा भाजण्यातून आलेला, खरपूस. टॉनिकचा कडूपणा वनस्पतीतून आलेला, जिभेच्या मागच्या बाजूला चिकटणारा. हॉप्सचा कडूपणा टॉनिकच्या जवळचा आहे. पुष्कळ बायकांना कारलं मुळीच चालत नाही आणि काळी कॉफी मात्र दिवसातून तीनदा लागते, त्याचं कारण हेच.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं : नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजून दळायची. तुमच्याकडे लहान मुलं होती तेव्हा केलं असेल. जवाचं असंच केलं की त्याला माल्ट म्हणतात, आणि बिअरचा सगळा पाया तोच. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्यं तयार होतात ती पिठाची साखर करतात, आणि ती साखर यीस्ट (आंबवणारी सूक्ष्म बुरशी) खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सत्त्व नुसतं पाण्यात शिजवा, चिमूटभर गूळ घाला आणि डोळे मिटून वास घ्या. तो धान्याचा, किंचित गोड, भाजलेला वास तुम्हाला बरा वाटला तर बिअरच्या मुळाशी तुमचं भांडण नाही. तो वासच नको वाटला, तर मात्र मी स्पष्ट सांगेन की बिअरच्या कुठल्याच शैलीच्या मागे लागू नका, भावाला साइडर करायला सांगा. साइडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस. त्यात धान्य नाही, हॉप्स नाहीत.

पाचवा, मठ्ठा. जिलबीबरोबर पंगतीत वाढतात तो : आंबट ताक, मीठ, आलं, कोथिंबीर. हा आवडतो का, हे मला विशेष जाणून घ्यायचंय.

मठ्ठ्याचं कारण सांगते. तुमच्या पत्रातली माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाची ओळ शेनिन ब्लाँची आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला ९० च्या दशकात वाईनसाठी पहिल्यांदा वेली लागल्या, त्यात शेनिन आणि सोव्हिन्याँ ब्लाँ होत्या, आणि इथल्या अनेकांची वाईनशी ओळख त्यांच्यापासूनच झाली. पांढऱ्या वाईनमध्ये कडूपणा जवळजवळ नसतो. तिचा तोल सांभाळतो तो आंबटपणा. शास्त्राच्या भाषेत तिचा पीएच साधारण ३ ते ३.४, तर नेहमीच्या बिअरचा ४.२ ते ४.५. पीएच जितका कमी तितकं आंबट. तुमच्या जिभेला गोडीच्या समोर आंबट हवं असतं आणि बिअर तिथे कडू आणून ठेवते. द्राक्षांच्या गावात, मिसळीवर लिंबू पिळत वाढलेल्या जिभेचं हे स्वाभाविकच आहे.

आणि आंबट बिअर असते. ती वाया गेलेली नसते, मुद्दाम आंबट केलेली असते.

तिच्यातली एक जर्मन शैली आहे, गोझे. नाव गोस्लार गावाजवळच्या नदीवरून आलं, पण ती नांदली लाइपझिग शहरात. अर्धा गहू आणि अर्धं जव, हॉप्स नावापुरते, आणि वर मीठ आणि धणे. आंबटपणा येतो तो लॅक्टोबॅसिलसपासून, म्हणजे आपल्या विरजणातल्याच घराण्यातल्या जिवाणूंपासून. आंबट, खारट आणि धण्याची, म्हणून मी मठ्ठ्याचं विचारलं. १९६६ मध्ये ती करणारी शेवटची जागा बंद पडली, लाइपझिगमध्ये ती कुणीच करेना. ८० च्या दशकात एका हौशी माणसाने ती पुन्हा सुरू करवली. घरी करणारे लोक काय करतात, तर माल्टचा काढा गाळून, थोडा निववून, त्यात लॅक्टोबॅसिलस सोडतात आणि ३५ ते ४० अंशांवर एक-दोन दिवस ठेवतात. दही लावल्यासारखंच. पीएच ३.३ च्या आसपास आला, म्हणजे तुमच्या शेनिनच्या शेजारी, की उकळी देऊन जिवाणू थांबवतात आणि मग यीस्ट घालतात. मीठ लिटरला एक-दोन ग्रॅम पुरतं. खारट लागू द्यायचं नाही, नुसती चव उठवायची. अल्कोहोल चार-साडेचार टक्के.

तुमच्या पत्रावरून पैज लावायची झाली तर मी गोझेवर लावेन.

दुसरी निवड बेल्जियमची विटबिअर. विट म्हणजे पांढरी. हिच्यात मोड न आणलेला गहू भरपूर असतो, म्हणून ती धुक्यासारखी गढूळ दिसते आणि जिभेला मऊ लागते. उकळी संपता संपता धणे आणि संत्र्याची साल घालतात. तिची गोष्ट मला फार आवडते. हूखार्डेन नावाच्या गावात ही बिअर शतकानुशतकं होत होती आणि १९५७ मध्ये तिथली शेवटची ब्रुअरी बंद पडली. त्याच गावात पियर सेलिस नावाचा एक दूधवाला होता. शेजारच्या ब्रुअरीत तो लहानपणी हाताखाली काम करायचा, त्यामुळे कृती त्याच्या डोक्यात होती. त्याने स्वतःच्या घरी खटपट करून १९६६ मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. आज जगभर जी विटबिअर मिळते ती त्या दूधवाल्यामुळे.

इथे तुमचा भाऊ एक शंका काढेल आणि ती बरोबर असेल. बिअरचा कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. हलक्या लागरचा तो ८ ते १२ असतो आणि विटबिअरचा ८ ते २०. मग विटबिअर कमी कडू कशी? आकड्याने नाहीच. पण कडूपणा जिभेवर एकटा कधी येत नाही. मागे गोडी आणि दाटपणा किती उरलाय, सोबत वास कुठला आहे, यावर तो ठरतो. पातळ, कोरड्या लागरमध्ये दहाचा कडूपणा उघडा पडतो. गव्हाच्या मऊपणात आणि संत्र्याच्या वासात पंधराही बोचत नाही. आपण मेथीच्या भाजीत गूळ आणि खोबरं घालतो तेव्हा मेथी कमी करत नाही. तरी माझा सल्ला असा की तुमच्यासाठी त्याने आकडा दहाच्या आसपासच ठेवावा.

धण्याबद्दल एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा. युरोपात मिळणारे धणे बहुधा गोल असतात, आपले लांबट. लांबट धण्यांना लिंबू-संत्र्याकडे झुकणारा वास जास्त असतो, म्हणून या बिअरला तेच छान. लीड्सच्या देशी वाणसामानाच्या दुकानात त्याला सहज मिळतील. लिटरला साधारण एक ग्रॅम, जाडसर ठेचून, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. पूड करायची नाही, नाहीतर बिअरला आमटीचा वास येतो.

गव्हाची जर्मन हेफेवायझनही कमी कडू असते. तिच्यात फळ किंवा मसाला काहीही न घालता केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो निव्वळ यीस्टचा. पिकल्या केळ्याच्या वासाने मळमळणारी माणसं मला माहीत आहेत, म्हणून मी ती न विचारता कुणाला सुचवत नाही.

आणि तुमचा निकाल तिसऱ्या कपाकडे झुकला, म्हणजे काळी कॉफी आवडली, तर मिल्क स्टाउट. दिसायला काळीकुट्ट आणि म्हणून लोक तिला घाबरतात, पण रंगाचा आणि जडपणाचा संबंध नाही. भाजलेल्या माल्टमुळे कॉफी-कोकोची चव, आणि त्यात दुधातली साखर, लॅक्टोज, घालतात. यीस्टला लॅक्टोज खाता येत नाही, म्हणून ती गोडी तशीच राहते. दूध पचत नसेल तर ही नको, हे लक्षात ठेवा. या लॅक्टोजवरून आणखी एक : 'ताईसाठी जरा गोड करतो' म्हणून बाटलीत साधी साखर जास्त घालायची कल्पना भावाच्या मनात यायला नको. जिवंत यीस्ट ती खाऊन गॅस करत राहतं आणि बाटली फुटते. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्याला हे माहीत असणारच, पण मायेपोटी माणूस माहीत असलेलंही विसरतो.

आता तो काय सुचवेल तेही सांगून ठेवते : आयपीए, म्हणजे 'इंडिया पेल एल', भरपूर हॉप्स घातलेली बिअर. घरी बिअर करणाऱ्यांचा तिच्यावर फार जीव असतो. 'ताई, हिला आंब्याचा वास येतो, तुला नक्की आवडेल' असं तो मनापासून म्हणेल आणि वास खरंच येईल, कारण काही हॉप्सना आंबा, पेरू, मोसंबीसारखा सुगंध असतो. पण नाकाला आंबा आणि घशाला कडुनिंब, अशी गत व्हायची. नेहमीच्या आयपीएचा आयबीयू ४० ते ७० असतो. नावात इंडिया आहे ते हिंदुस्थानातल्या इंग्रजांसाठी जहाजांतून बिअर यायची म्हणून. त्या नावाला भुलू नका.

लिंबू सरबत मिसळून शँडी करून पिण्याचा सल्लाही कुणी देईल. मला तो पटत नाही. चव लपवावी लागत असेल तर नुसतं लिंबू सरबत प्या, तेच चांगलं लागेल.

मधापासून केलेली मीड हा आणखी एक पर्याय. त्यासाठी तर नाशिकबाहेर जायलाच नको, इथे सेराना मीड्स नावाची मीडरी आहे, दोन स्त्रियांनी उभी केलेली. एपिस सेराना म्हणजे आपली सातेरी मधमाशी. जाण्याआधी इथली मीड चाखून जा. पण भावाकडून घरची मीड मागू नका, ती नीट मुरायला कित्येक महिने लागतात.

इतकं लिहिल्यावर आता माझा खरा सल्ला. त्याला बाटल्या तयार ठेवू देऊ नका.

तुम्ही दोन महिने जाताय, म्हणजे आठ-नऊ आठवडे. विटबिअर करायला एक दिवस (गोझेला आंबट व्हायला मध्ये आणखी एक-दोन), आंबायला दहा-चौदा दिवस, बाटलीत गॅस धरायला आणखी दोन आठवडे. पाच आठवड्यांत प्यायला तयार. मग तुमच्या गैरहजेरीत ती होऊन बसण्यात काय मजा? पहिल्या आठवड्यात जेट लॅग उतरू द्या आणि त्याच्याबरोबर दोन-तीन पबमध्ये जा. तिथे बिअर पूर्ण पिंटमध्येच (साधारण ५७० मिली) घ्यावी लागते असं नाही. अर्धा पिंट, कित्येक ठिकाणी एक-तृतीयांश पिंटही मिळतो, आणि पिंपातल्या बिअरचा घोटभर नमुना आधी मागितला तर बहुधा आनंदाने देतात. एक आंबट, एक गव्हाची, एक काळी आणि एक साइडर चाखा. दुसरा घोट घ्यावासा वाटतो का, एवढंच बघायचं. तुमचा हा दुसऱ्या घोटाचा निकष उत्तम आहे, तो सोडू नका.

मग दुसऱ्या आठवड्यात जी जिंकेल ती दोघांनी मिळून करा. त्याच्याकडचं मोठं भांडं बहुधा २३ लिटरचं असेल, इंग्लंडात तीच रीत आहे. तुमच्यासाठी साडेचार लिटरची काचेची बरणी पुरे. चार लोकांत वाटून संपते आणि फसली तरी जीव हळहळत नाही. सुट्टीचा सगळा दिवस लागतो. धान्य गरम पाण्यात तासभर भिजवून ठेवायचं, ते गाळायचं, काढा उकळायचा, निववायचा, आणि त्यानंतर लागणारं प्रत्येक भांडं, नळी, झाकण निर्जंतुक करायचं. कामाचा निम्मा वेळ धुण्यातच जातो. लोणच्याची बरणी उन्हात तापवून, हात कोरडे करून मगच कैरी भरणाऱ्या घरातली तुम्ही दोघं. हे सोवळं तुम्हाला शिकवावं लागणार नाही. धणे तुम्ही ठेचा. तो ठेचायला लागला तर पूड करेल.

तुम्ही आईबद्दल एकच ओळ लिहिलीत. मी त्यावर जास्त बोलणार नाही. इतकंच म्हणते की त्या सहा-सात तासांत मध्ये मध्ये नुसतं बसून वाट बघायची असते, आणि तशा वेळी जे बोलणं होतं ते रविवारच्या फोनवर होत नाही.

त्याचं मन मोडेल ही भीती मनातून काढा. करणाऱ्याला 'छान आहे' ऐकून पुढे काही करता येत नाही. 'सुरुवात चांगली, पण शेवटी घशात काहीतरी राहतं' असं सांगितलं की तो लगेच वही उघडेल. टेबलामागच्या बारा वर्षांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते प्रामाणिकपणे ग्लास खाली ठेवणाऱ्यांनी. आणि सगळं करूनही नाही आवडली, तर बाटल्या त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या, आणि तुम्ही साइडर घ्या. परतताना सामानात बाटल्या घालू नका. जिवंत यीस्टची बाटली सामानात आदळून-तापून फुटली तर साड्यांचं काय होईल ते सांगायला नको.

एक दक्षता. रोजच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांच्याबरोबर अल्कोहोल चालतं का, हे जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

येत्या रविवारी त्याचा फोन आला की असं सांगा : "नाव मला ठाऊक नाही, पण मला आंबट चालतं, कडू चालत नाही आणि मठ्ठा आवडतो. आयबीयू दहाच्या आसपास ठेव. बाटल्या भरू नकोस, गहू आणि देशी दुकानातले लांबट धणे आणून ठेव. मी आले की करू." मठ्ठा आवडत नसेल तर ती ओळ बदला. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात काय निघालं ते मला जरूर कळवा, विशेषतः सत्त्वाचं.